वाटणीच्या यादीत न मावणारा वारसा

बोरिवली-मुलुंडच्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्या, की आजीचा तांब्याचा बंब, पितळी पानडबा आणि जरीचे लुगडे कोणाच्या वाट्यास जावे, हा प्रश्न घरोघरी उपस्थित होतो. आणि त्याचे मर्मभेदी दर्शन महेश एलकुंचवारांच्या, १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकात घडते. वैदर्भीय देशपांडे कुटुंबात, कुटुंबप्रमुख तात्याजींच्या निधनानंतर, वडिलोपार्जित दागिने थोरल्या भास्करच्या कबजात राहतात, मुंबईकर सुधीरला त्यांत आपला न्याय्य हिस्सा दिसतो, आणि भास्करची कन्या रंजू तेच दागिने घेऊन घर सोडते.

अमेरिकन लेखिका ॲलिस वॉकर यांच्या १९७३ च्या ‘एव्हरीडे यूज’ या कथेतही वाटणीचा असाच पेच उभा राहतो: सुशिक्षित थोरली बहीण आजीच्या गोधड्या भिंतीवर टांगू इच्छिते; धाकटी, जी गोधडी शिवण्याची विद्या घरातच शिकली, ती त्या नित्य वापरील; आणि आई त्या गोधड्या धाकटीलाच देते.

त्या मातेचा निवाडा रास्त आहे: मालकी दस्तऐवजाने मिळते, वारसा मात्र वस्तूमागील श्रम आणि ज्ञान आत्मसात केल्यानेच. म्हणून, वाचकहो, वाटणीची यादी करण्यापूर्वी वडीलधाऱ्यांकडून प्रत्येक वस्तूची हकीकत लिहून घ्या.