तार आणि लहर : घरगुती गेम कन्सोलच्या जोडणीचा मागोवा

२०२१ च्या ऑक्टोबर महिन्यात जपानच्या निन्टेन्डो कंपनीने आपल्या ‘स्विच’ या गेम कन्सोलची नवी आवृत्ती बाजारात आणली, तेव्हा बहुतेकांचे लक्ष तिच्या मोठ्या आणि तेजस्वी ओएलईडी पडद्याकडे वेधले गेले, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु त्या यंत्राला टीव्हीशी जोडणाऱ्या डॉकमध्ये, सहसा कोणाच्या नजरेत न भरणारे असे, लॅनची वायर खोचण्याचे एक लहानसे चौकोनी तोंड होते, आणि माझ्या मते त्या आवृत्तीतील खरी महत्त्वाची गोष्ट तीच होती. याच कंपनीने २००६ साली ‘वी’ हे यंत्र काढताना वायरीची ही सोय यंत्रातून वगळली होती. पंधरा वर्षांनी ती परत आली, आणि एवढ्या काळात वायफायचा वेग अनेक पटींनी वाढलेला असतानाही परत आली. ज्या वस्तूला कालबाह्य मानून बाजूस सारले, तिलाच पुन्हा मानाने घरात का घ्यावे लागले, हे समजून घ्यायचे तर बरेच मागे जावे लागते.

या इतिहासाचे मूळ खेळांच्या दुनियेत सापडत नाही. ते पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर सापडते. निरनिराळ्या बेटांवर विखुरलेल्या विद्यापीठाच्या शाखा मुख्य संगणकाशी जोडण्यासाठी नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओलहरींवर चालणारे ‘अलोहानेट’ नावाचे जाळे उभारले. त्याचा दंडक साधा होता : ज्याला संदेश धाडायचा असेल त्याने तो धाडावा, आणि दोन संदेश एकमेकांवर आदळून नष्ट झाले, तर दोघांनीही थोडे थांबून ते पुन्हा धाडावेत. हीच कल्पना सुधारून १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी तारेवर उतरवली, आणि प्रकाशलहरींचे वाहन म्हणून जुन्या पदार्थविज्ञानाने जो ‘ईथर’ कल्पिला होता, त्याच्या नावावरून तिला ‘ईथरनेट’ हे नाव मिळाले. म्हणजे आज जिला आपण तारेची किंवा लॅनची जोडणी म्हणतो, ती जन्माने लहरीचीच कन्या होय. पुढे प्रत्येक यंत्राला जाळ्याच्या मध्यवर्ती जोडपेटीपर्यंत (जिलाही योगायोगाने स्विचच म्हणतात) जाणारी स्वतंत्र वायर मिळाली, जाण्याचा मार्ग निराळा आणि येण्याचा निराळा झाला, आणि संदेशांची टक्कर इतिहासजमा झाली. १९९७ साली ज्याचे पहिले मानक निघाले, त्या वायफायला मात्र ही सवलत मिळणे शक्य नव्हते. चावडीवर जसे एका वेळी एकानेच बोलायचे आणि बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, तशी घरातील सर्व वायफाय यंत्रांची स्थिती असते. आणि दुःखाची गोष्ट अशी की, त्या चावडीवर शेजाऱ्यांची यंत्रेही बसलेली असतात.

कन्सोलच्या घरी प्रथम आली ती टेलिफोनची तार. जपानात १९८८ साली निन्टेन्डोच्या ‘फॅमिकॉम’ या कन्सोलसाठी मॉडेम निघाला, पण त्याचा उपयोग खेळापेक्षा शेअरबाजाराचे व्यवहार आणि घोड्यांच्या शर्यतीवरील पैजा यांसाठीच अधिक झाला. दूरच्या प्रतिस्पर्ध्याशी घरबसल्या खेळण्याचे स्वप्न मोठ्या प्रमाणावर साकार करण्याचे श्रेय मी सेगा कंपनीच्या ‘ड्रीमकास्ट’ला देईन. १९९८ च्या नोव्हेंबरात जपानात आणि पुढल्या सप्टेंबरात अमेरिकेत आलेल्या या यंत्राच्या पोटातच मॉडेम बसवलेला होता, आणि २००० सालच्या अखेरीस निघालेल्या ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ या खेळात परस्परांची भाषा न जाणणारे खेळाडूही एका चमूत लढू लागले. घरातील फोन तेवढा वेळ अडकून पडे, संदेशांना विलंब होई, तरीही तो अनुभव अपूर्व होता. सेगाला मात्र त्या धाडसाचे फळ चाखता आले नाही. २००१ च्या मार्चनंतर ड्रीमकास्टचे उत्पादन थांबले. एखाद्याने विहीर खणावी आणि पाणी लागण्याच्या सुमारास गावच सोडावे, तसे हे झाले.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स’ आणला आणि त्यात एक धीट निर्णय घेतला : टेलिफोनचा मॉडेम अजिबात नाही, केवळ ईथरनेटचे तोंड. बरोबर एक वर्षाने सुरू झालेली ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ सेवाही ब्रॉडबँड असणाऱ्यांपुरतीच होती. सोनीने २००२ साली ‘प्लेस्टेशन २’साठी अमेरिकेत जो वेगळा अडॅप्टर विकण्यास काढला, त्यात ईथरनेट आणि टेलिफोन या दोहोंची तजवीज होती, पण काळाचा कौल मायक्रोसॉफ्टच्या बाजूने लागला. दरम्यान ‘हेलो’ या खेळाने वायरीचे आणखी एक रूप लोकांना दाखवले. चार कन्सोल आणि चार टीव्ही एकाच घरात आणून वायरींनी जोडले की सोळा जण एकदम खेळू शकत, आणि त्यासाठी शनिवारी मित्राच्या घरी टीव्ही उचलून नेणारी अमेरिकन मुले त्या काळी जागोजाग होती. त्या खेळात तारेने माणसे खरोखरच एका छपराखाली आणली, हे मला फार हृद्य वाटते.

परंतु घराच्या रचनेने लवकरच अडचण उभी केली. ब्रॉडबँडची जोडणी संगणकाच्या खोलीत, आणि कन्सोल मात्र टीव्हीपाशी, दिवाणखान्यात. मधल्या भिंतींचे आणि दारांचे काय करावे? म्हणून वायफायचे अडॅप्टर निघाले, आणि आरंभी ती एक महागडी चैन होती. २००५ साली आलेल्या ‘एक्सबॉक्स ३६०’साठी असा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागे आणि अमेरिकेत त्याची किंमत शंभर डॉलरच्या घरात होती, २००६ च्या ‘प्लेस्टेशन ३’मध्ये महाग आवृत्तीला वायफाय होते आणि स्वस्त आवृत्तीला नव्हते. श्रीमंताला लहर आणि सामान्याला तार, अशी ती विभागणी ‘वी’ने एका फटक्यात मोडली. सर्व कुटुंबाने दिवाणखान्यात उभे राहून, हात हलवून खेळायचे ते यंत्र. त्याला वायरींचा गुंता नको, हा विचार त्याच्या स्वभावाला धरूनच होता, आणि ज्यांना वायर हवी त्यांनी यूएसबीचा अडॅप्टर वेगळा घ्यावा, अशी मुभा ठेवली होती. २०१२ च्या ‘वी यू’मध्ये आणि २०१७ च्या ‘स्विच’मध्ये तेच धोरण कायम राहिले. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी वायफाय स्वीकारले, पण वायरीचे तोंड आपल्या घरगुती यंत्रांतून कधी काढले नाही. या बाबतीत त्यांची सावधगिरी मला अधिक दूरदृष्टीची वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वायर श्रेष्ठ का, असे विचारले असता ‘वेग जास्त असतो म्हणून’ असे उत्तर सर्रास दिले जाते, आणि ते अपुरे आहे. विद्युल्लहर हवेतून जितक्या वेगाने जाते, त्याच्या सुमारे दोनतृतीयांश वेगाने संकेत तांब्याच्या तारेतून धावतो. केवळ धावण्याचीच शर्यत असती, तर हवेने तारेला हरवले असते. शिवाय खेळ चालू असताना होणारी माहितीची देवघेव चित्रपट पाहण्याच्या मानाने अत्यल्प असते. प्रश्न आहे तो नियमितपणाचा. पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला साडेसोळा मिलिसेकंदांहून किंचित अधिक काळ येतो. प्रतिस्पर्ध्याने मारलेल्या ठोशाची वार्ता दर वेळी चाळीस मिलिसेकंदांनी पोहोचत असेल, तर खेळाडूचा हात त्या विलंबाला सरावतो आणि यंत्रही त्याचा हिशेब धरून चालते. पण तीच वार्ता एकदा विसाने, एकदा नव्वदाने आणि एकदा मुळीच नाही, अशी येऊ लागली, तर कोणतीही सवय आणि कोणताही हिशेब उपयोगी पडत नाही. वायफायमध्ये प्रत्येक संदेशाला आधी कानोसा घ्यावा लागतो, मग पाळीची वाट पाहावी लागते, आणि मार्गात तो बिघडला तर पुन्हा पाठवावा लागतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या अवघ्या तीन. त्यात शेजारच्या राउटरची, ब्लूटूथची आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हचीही भर. हा अनिश्चितपणा डाउनलोडला जाणवत नाही, चित्रपटाला फारसा जाणवत नाही, पण द्वंद्वयुद्धाच्या खेळाला तो प्राणघातक ठरतो.

म्हणूनच या वादाचा निवाडा द्वंद्वयुद्धाच्या खेळांच्या आखाड्यातच झाला. टोनी कॅनन यांनी २००६ च्या सुमारास ‘जीजीपीओ’ नावाची जी ‘रोलबॅक’ पद्धत रचली, तीत यंत्र प्रतिस्पर्ध्याच्या पुढील हालचालीचा अंदाज बांधून खेळ पुढे नेते आणि अंदाज चुकल्यास क्षणार्धात मागे जाऊन दुरुस्ती करते. ही पद्धत विलंब उत्तम रीतीने झाकते. पण विलंब सारखा बदलत राहिला, तर दुरुस्त्यांचा मारा होऊन पडद्यावरची पात्रे एका जागेवरून दुसरीकडे उडू लागतात. अशा वेळी शिक्षा दोघांना होते, आणि ज्याने वायर जोडली आहे त्याचा तर काहीच अपराध नसतो. या अन्यायाची दखल अखेर खेळ रचणाऱ्यांनी घेतली. ‘टेकन ७’मध्ये नंतरच्या सुधारणांतून, आणि २०२३ च्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये आरंभापासूनच, प्रतिस्पर्धी वायरीवर आहे की वायफायवर, हे सामन्यापूर्वी दिसू लागले. त्या लहानशा चिन्हाने खेळाडूंमध्ये एक नवा शिष्टाचार निर्माण केला : आपल्या सोयीसाठी दुसऱ्याचा खेळ बिघडवू नये. निन्टेन्डोच्या २०१८ मधील ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’चे दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांनीही ऑनलाइन खेळणाऱ्यांना वायर वापरण्याची शिफारस केली होती, आणि ती ज्या यंत्रासाठी केली त्याच्या डॉकमध्ये तेव्हा वायरीचे तोंडच नव्हते. तीन वर्षांनी ते आले.

आपल्याकडे या इतिहासाचा क्रम थोडा निराळा आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य जनतेसाठी इंटरनेट खुले केले. २००४ च्या सरकारी धोरणाने २५६ केबीपीएस या वेगास ब्रॉडबँड ही संज्ञा दिली. आणि २००५ च्या जानेवारीत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अल्पशक्तीची उपकरणे परवान्यावाचून वापरण्याची मुभा मिळाली. २००६ च्या सप्टेंबरात ‘एक्सबॉक्स ३६०’ भारतात अधिकृतपणे आला, तेव्हा मुंबई-पुण्याच्या कित्येक घरांत इंटरनेट येत होते ते केबलवाल्याने गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या आणि खिडकीच्या गजांतून आत घेतलेल्या वायरीनेच. पुढे राउटर आला, मोबाइल आले, आणि ती वायर दाराशीच थांबली. माझ्या पुतण्याच्या पुण्यातील फ्लॅटमध्ये राउटर प्रवेशद्वारावर, कन्सोल दिवाणखान्याच्या टोकाला आणि मध्ये स्वयंपाकघर. संध्याकाळी इमारतीतील सगळी कुटुंबे घरी परतली की त्याचा खेळ अडखळू लागे, आणि तो बिचारा स्वतःच्या हातांना दोष देई. त्याचा कन्सोल २०१३ च्या मूळ ‘प्लेस्टेशन ४’पैकी, म्हणजे फक्त २.४ गिगाहर्ट्झ जाणणारा. एका रविवारी आम्ही दोघांनी पंधरा मीटरची चपटी वायर स्कर्टिंगच्या कडेने नेली. त्या रात्री तो जिंकलाच असे नाही. पण हरला तो आपल्या चुकीने हरला, आणि त्यातही त्याला समाधान होते.

वायफायवर अन्याय करण्याची माझी इच्छा नाही. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडण्याची परवानगी मिळत नाही, आणि एकट्याने कथानकाचे खेळ खेळणाऱ्याला वायरीची गरजही नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात आपल्या सरकारने ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा परवान्यातून मुक्त केल्याने गर्दी पुष्कळ हटली. २०२० च्या ‘प्लेस्टेशन ५’मधील वायफाय ६ मुळे राउटरला एकाच खेपेत अनेक यंत्रांशी बोलता येते. दुसऱ्या बाजूने, वायरीलाही मर्यादा आहेत. खेळाचा सर्व्हर सिंगापूरला असेल, तर दिवाणखान्यातील वायर समुद्राचे अंतर कमी करू शकत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्यात आणि अॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपली डेटाकेंद्रे उघडली, तेव्हापासून भारतातच सर्व्हर ठेवण्याची सोय झाली, आणि ज्या खेळांनी ती स्वीकारली त्यांच्या खेळाडूंना कोणत्याही वायरीने झाला नसता एवढा लाभ झाला. वायर सोडवते तो प्रश्न घरातल्या शेवटच्या दहापंधरा मीटरांचा; पण तो मात्र ती पूर्णपणे सोडवते.

२०२५ च्या जूनमध्ये ‘स्विच २’ आला. त्याच्या डॉकमध्ये लॅनचे तोंड पहिल्या दिवसापासून आहे. जे वाचक सध्या घर बांधत आहेत किंवा जुन्या घराची दुरुस्ती काढत आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, भिंती उघड्या आहेत तोवर राउटरच्या जागेपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत, विजेच्या तारांपासून अंतर राखून, एक रिकामी पाइप टाकून ठेवावी. तिचा खर्च थोडा आहे, आणि प्लास्टर झाल्यावर ती टाकता येत नाही.