पाखडणं वेगळं, निवडणं वेगळं

अनसिंगच्या घरी ओसरीवर मी जुना लॅपटॉप उघडून बसलो होतो. शेजारी आई सुपात तुरीची डाळ घेऊन बसली होती. बराच वेळ मी काहीतरी खोडतोय हे बघून तिनं विचारलं, “काय फेकून राह्यला रे त्याच्यातून?” मी म्हटलं, “खडे.” तिला ते पटलं आणि ती पुन्हा डाळीकडे वळली.

लॅपटॉप २ जीबी रॅमचा. आधीची प्रणाली त्यावर सुरू व्हायचाच कंटाळा करायची, म्हणून डेबियन लिनक्स घातलं. वाशीम–पुसद रस्त्यावरच्या या गावात माझं इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. पुढची सगळी निवड या दोन गोष्टींवर ठरली.

डेबियनचं कोठार अफाट आहे. जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीत ६४,४१९ पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे, होती, ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत ६९,८३०. अर्थात ही सगळी कुणाच्याच यंत्रावर येत नाहीत. प्रत्येक पॅकेजवर प्राधान्याची एक चिठ्ठी असते: रिक्वायर्ड, इम्पॉर्टंट, स्टँडर्ड, ऑप्शनल. पहिल्या पायरीशिवाय यंत्र उभंच राहत नाही. दुसऱ्या पायरीची व्याख्या मला फार आवडते. डेबियनच्या नियमावलीनुसार, जी वस्तू जागेवर नसली तर मुरलेला युनिक्सवाला ‘अरे, हे काय चाललंय, ती कुठं गेली?’ असं ओरडेल, ती इम्पॉर्टंट. एवढ्या कोरड्या नियमावलीत कुणाच्या तरी चिडण्याला मोजमाप मानलंय! आमच्या स्वयंपाकघरात सांडशी याच पायरीवर बसते.

तिसरी पायरी प्रतिष्ठापनेच्या वेळी ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’ या नावानं समोर येते, आणि तिच्यापुढची खूण काढून टाकली की आपण मोठे साधेपणाचे उपासक झालो असं बऱ्याच जणांना वाटतं. मीही पहिल्यांदा काढली. मग एका आज्ञेचा पर्याय आठवेना, म्हणून माहितीपानं दाखवणारं ‘मॅन’ टाइप केलं, तर तो माणूसच घरात नाही! हॉटस्पॉट बंद, टॉवर गायब. मोठ्या डेटासेंटरमध्ये चालणाऱ्या कंटेनरसाठी डेबियनच्या ‘स्लिम’ प्रतिमा मिळतात. त्यांत माहितीपानं मुद्दाम वगळलेली असतात आणि तिथं ते योग्यच आहे, कारण कंटेनरच्या आत बसून कुणी वाचत नाही. ओसरीवरचा माणूस मात्र वाचतो. दुसऱ्या खेपेला मी मॅन-डीबी ठेवलं.

मोह सगळ्यात जास्त होतो तो ‘रेकमेंड्स’ छाटण्याचा. पॅकेजची मुख्य नाती तीन तऱ्हेची. ‘डिपेंड्स’ म्हणजे ज्याच्याशिवाय लग्नच लागत नाही ते, ‘रेकमेंड्स’ म्हणजे सहसा येणारी वऱ्हाडी मंडळी, आणि ‘सजेस्ट्स’ म्हणजे आले तर आनंद. २००९ मध्ये आलेल्या लेनी आवृत्तीपासून पॅकेजं आणणारं ॲप्ट ही वऱ्हाडी मंडळी न विचारता आणतं. ती सवय एका ओळीत बंद करता येते. जागा खरोखर वाचते, म्हणून हुरूप येतो. पण फाइली उतरवणारं वीगेट घेतलं आणि वऱ्हाड दारातच अडवलं, की सीए-सर्टिफिकेट्स नावाचं पॅकेजही बाहेर राहतं. मग सुरक्षित संकेतस्थळावरून काही उतरवायला गेलात की वीगेट समोरच्याची ओळखच मानत नाही. चूक वीगेटची नसते. पाहुण्यांची ओळख सांगणारे काकाच आपण परत पाठवलेले असतात. म्हणून मी ती सवय सरसकट बंद न करता एकेका पॅकेजपुरती बंद करतो आणि यादी वाचतो.

आणखी एक खड्डा. ज्याला मेटापॅकेज म्हणतात त्याच्या पोटात स्वतःचं काहीच नसतं, फक्त इतरांची नावं असतात. गनोम या डेस्कटॉपचं गनोम-कोर तसंच. गनोमचा कॅल्क्युलेटर नको म्हणून काढायला जा, गनोम-कोर त्याच्याबरोबर निघतं, आणि त्याच्या आधारानं आलेल्यांपैकी काही पोरके ठरू शकतात. त्या क्षणी उत्साहानं ‘ऑटोरिमूव्ह’ म्हणणं म्हणजे वारा सुटलेला असताना पाखडायला बसणं. पाखडलं की हलकं ते उडतं, पण आपल्याला हवंय की नको हे वाऱ्याला कुठं कळतं? खडा डाळीइतकाच जड असतो, तो बोटांनीच उचलावा लागतो. ॲप्टला आधी नुसतं नाटक करायला सांगता येतं: काय जाईल ते दाखव, काढू नकोस. जे राहावं असं वाटतं त्यावर ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’नं शिक्का मारायचा, मग ते पोरकं ठरत नाही. लिनक्स-इमेज-एएमडी६४ हे मेटापॅकेजही नुसतं शीर्षकच वाटतं, म्हणून लोक बिनधास्त काढतात. यंत्र पूर्वीसारखंच चालतं. कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, नवी सुरक्षित आवृत्ती मात्र त्यानंतर आपणहून येत नाही.

अत्यावश्यक पॅकेजांना हात लावला तर ॲप्ट पूर्वी ‘यस, डू ॲज आय से!’ हे अख्खं वाक्य जसंच्या तसं लिहून मागायचं. उद्गारचिन्हासकट. त्यांना हात लावायची पाळी आली की लॅपटॉप मिटून चहा घ्यावा, असं माझं मत.

माझा स्वतःचा नियम एवढाच: जे परत आणायला नेट लागतं आणि नेट आणायला जे लागतं, त्याला सगळ्यात शेवटी हात लावायचा. म्हणून वायफायचं फर्मवेअर, डब्ल्यूपीए-सप्लिकंट आणि नेटवर्क-मॅनेजर जागेवर राहिले. फर्मवेअरवरून डेबियनमध्ये वर्षानुवर्षं वाद होता. ते मुक्त सॉफ्टवेअर नसल्यानं अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायचं. ऑक्टोबर २०२२ च्या मतदानानंतर ते १२ व्या आवृत्तीत आलं. तत्त्व मला समजतं, पण पेनड्राइव्हवर वेगळी फाइल घेऊन दुसऱ्या गावाहून परत येणारा माणूसही समजतो. जुनं ३२ बिटी यंत्र असेल तर १३ व्या आवृत्तीचा इन्स्टॉलर मिळतच नाही, १२ वरच थांबावं लागतं.

गेले ते खेळ. गेलं कार्यालयीन कामाचं अवजड सॉफ्टवेअर, कारण मी साध्या मजकूर फाइलीत लिहितो. ब्लूटूथ गेलं, छपाईची यंत्रणाही गेली. संपादक म्हणून नॅनो राहिला. व्हिम-टायनीही राहिला, तो मला फारसा येत नाही, पण येणारा कुणी घरी आला तर ओरडायला नको.

मराठीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आहे, पण फक्त चित्रमय इन्स्टॉलरमध्ये. अक्षरी पडदा देवनागरी दाखवूच शकत नाही. आणि जागा वाचवायला टंकांची पॅकेजं काढली की मराठी मजकुराच्या जागी चौकोनांची रांग उभी राहते. फॉन्ट्स-देवा हे मेटापॅकेज अनेक देवनागरी टंक एकदम आणतं, त्यांत नकुल आणि सहदेव अशा नावांचेही दोन आहेत. मला एक पुरला: लोहित. हे टंक रेड हॅटनं २००४ मध्ये खुले केले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या टोपीचा रंग. मराठी लोकेल ठेवलं आणि इनस्क्रिप्ट कळफलकही.

शेवटी पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजीची यादी काढली तर काढून टाकलेली कितीतरी नावं ‘आरसी’ अशा खुणेसह अजून होती. नुसतं काढलं की त्यांच्या मांडणीच्या फाइली मागे राहतात. त्याही जायला हव्या असतील तर ‘पर्ज’ म्हणावं लागतं. मी बोट कळफलकावर ठेवून विचार करत होतो. आईचं निवडून झालं होतं. खडे तिनं अंगणात भिरकावले, चुनी मात्र वेगळ्या डब्यात भरली, गाईसाठी.

मी आरसीवाल्या फाइली तशाच ठेवल्या.