बचतीचा करार आणि सरकारी कचेऱ्या

वसंत व्याख्यानमालेत साहित्य, धर्म आणि इतिहास ऐकायला येणाऱ्या मंडळींसमोर विजेच्या बिलाविषयी बोलायचे म्हणजे थोडे धाडसच. त्यातून आम्ही ना इंजिनिअर, ना प्राध्यापक. शाळा आमची लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते संघटनेच्या कचेरीत, वेतनकरारांचे मसुदे रात्री जागून वाचताना. पण करार कुठे टिकतो आणि कुठे फसतो, एवढे मात्र त्यातून आम्हांला पुरते कळले. आजचा विषय वरवर पाहता विजेचा आहे. मुळात तो कराराचाच आहे.

चंद्रपूरच्या माणसाला वीज कोठून येते हे सांगावे लागत नाही. ऊर्जानगरचे केंद्र २९२० मेगावॅटचे. तिथे एक युनिट वीज निघायला ढोबळमानाने सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. तो कोळसा आमचेच भाऊबंद खाणीतून काढतात आणि त्याची राख व धूर याच जिल्ह्याच्या वाट्याला येतो. तेव्हा जी वीज कोणाच्याही उपयोगी पडली नाही, तिचा हिशेब विचारण्याचा अधिकार आपल्याइतका दुसऱ्या कोणाला असणार?

एकदा एका सरकारी कचेरीत शिष्टमंडळ घेऊन आम्ही तास-दीड तास ताटकळत बसलो होतो. वर पाहिले, तर जुने पंखे घरघरत होते, आणि कुलूपबंद कपाटांच्या रांगेवर चार ट्यूबलाइट दिवसाढवळ्या जळत होत्या. साहेबांची भेट झाल्यावर आमची मागणी मांडून झाली आणि जाता जाता आम्ही त्या दिव्यांचेही विचारले. साहेब मनाचे सरळ होते. म्हणाले, “बिल एका तरतुदीतून जाते, दुरुस्ती दुसऱ्या खात्याकडे असते. नव्या पंख्यांना पैसे मागितले तर मिळत नाहीत. आणि बिल कमी झालेच, तर वाचलेला पैसा तिजोरीत जातो, पुढच्या वर्षीची तरतूदही तेवढी कापली जाते. मग आम्ही धडपड कोणासाठी करावी?”

या प्रश्नाला माणसाच्या आळशीपणाकडे बोट दाखवून उत्तर मिळत नाही. दोष व्यवस्थेच्या बांधणीत आहे, आणि बचतीचा करार ही त्यावरची एक तोड आहे. तिची रीत अशी : बाहेरची एखादी कंपनी कचेरीची तपासणी करते, स्वतःच्या पैशाने दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे बदलते, आणि बिलात जी बचत होईल तिच्यातून ठरलेली वर्षे आपला पैसा वसूल करते. कचेरीला पदरचा पैसा घालावा लागत नाही. मुदत संपली की सारी बचत कचेरीची. बचत झालीच नाही, तर तोटा कंपनीचा. आमच्या भाषेत सांगायचे तर हे रोजंदारीचे काम नव्हे, हे उक्ते काम आहे; माप पडेल तेवढाच दाम.

ही कल्पना आजची नाही, आणि तिचा जन्म खाणीच्या तोंडाशीच झाला. जेम्स वॉट आणि मॅथ्यू बोल्टन यांची भागीदारी १७७५ साली जमली. त्यांनी कॉर्नवॉलच्या खाणमालकांना सांगितले, की आमचे वाफेचे इंजिन बसवा. जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या मानाने जो कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आम्हांला द्या. इंजिनाचे ठोके मोजायला त्यांनी कुलूपबंद मोजणीयंत्र बसवले. तरीही तंटे झाले आणि काही थेट कोर्टापर्यंत गेले. कारण उघड आहे. कोळसा वाचला हे मालकाला दिसत होते. पण किती वाचला, हे जे इंजिन आता चालतच नव्हते त्याच्याशी ताडून ठरवायचे होते!

आपल्याकडे २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला. २००९ साली केंद्राच्या चार वीज-उपक्रमांनी मिळून एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड ही कंपनी काढली. घरोघरी एलईडी दिवे आणि गावोगावी पथदिवे पोचवले ते हिनेच. २०१७ साली महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानेही सरकारी इमारतींसाठी या कंपनीशी करार केला.

आता पाटीपेन्सिल घेऊन आपणच एक हिशेब करू. कल्पनेतली एक कचेरी घ्या : शंभर पंखे, शंभर ट्यूबलाइट, दिवसाला आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस, म्हणजे दोन हजार तास. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नव्या जातीचा सुमारे ३०. शंभर पंख्यांमागे वर्षाला ९,००० युनिट वाचले. जुनी ट्यूबलाइट चोकसह ५२ वॅट, एलईडीची २०. तिथे ६,४०० युनिट. एकूण १५,४००. युनिटला दहा रुपये धरले, तर १ लाख ५४ हजार रुपये आणि सुमारे दहा टन कोळसा. पंखा तीन हजाराला आणि ट्यूब तीनशेला धरली, तर खर्च ३ लाख ३० हजार. म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आत मुद्दल फिटते.

मग अडते कुठे? अडते ते आधारवर्षावर. महागाई भत्ता घेणाऱ्या प्रत्येक कामगाराला हा शब्द ठाऊक आहे. निर्देशांकाचे आधारवर्ष बदलले की भत्त्याचे गणित कसे बदलते, यावर आम्ही उभे आयुष्य भांडलो. इथेही तेच. समजा करारापूर्वीच्या वर्षी कचेरीतले निम्मे पंखे बंदच होते. नव्या पंख्यांनी सगळ्यांना वारा मिळाला, पण बिल उतरले नाही. ही बचत की नुकसान? किंवा मधल्या काळात साहेबांच्या खोल्यांत चार वातानुकूलन यंत्रे वाढली. वाढलेल्या बिलाचा बोजा कोणाच्या माथी? उन्हाळा नेहमीपेक्षा कडक गेला, कर्मचारी वाढले, तर माप कसे दुरुस्त करायचे? हे सारे सही करण्यापूर्वी कागदावर आले पाहिजे. नंतरचा समजूतदारपणा कोर्टात कामाला येत नाही, हे कॉर्नवॉलने दाखवून दिले आहे.

म्हणून आम्ही चार अटी सुचवतो. पहिली, मोजणी दोन्ही पक्षांनी नव्हे, तिसऱ्याने करावी, आणि दर महिन्याचा आकडा कचेरीच्या दारावर लावावा. दुसरी, बचत यंत्राने व्हावी, माणसाला उकडवून नव्हे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपलीकडे जातो अशा गावात रुग्णालयातला पंखा बंद ठेवून दाखवलेली बचत ही चोरीच होय. तिसरी, कंपनीचे हप्ते वेळेवर द्यावे. पथदिव्यांच्या योजनेत ठिकठिकाणच्या नगरपालिकांकडे मोठ्या रकमा थकल्या. देणे थकले की दुरुस्ती रखडते आणि अंधार नागरिकाच्या वाट्याला येतो. चौथी, बचतीचा एक वाटा त्याच कचेरीच्या तरतुदीत राहावा, म्हणजे त्या साहेबांच्या प्रश्नाला काही उत्तर मिळेल.

आता गडचिरोलीकडे वळू. मोठी कचेरी किंवा जिल्हा रुग्णालय कंपनीला परवडते. पण भामरागड-एटापल्लीकडची आश्रमशाळा घ्या. दहा पंखे बदलायला जिल्ह्याच्या गावाहून दीडशे किलोमीटरांपलीकडे माणूस धाडायचा, तर बचत प्रवासातच संपते. बर्लिन शहराने १९९६ पासून यावर उपाय केला : अनेक इमारतींची एकच मोळी बांधायची आणि तिचा एकच करार करायचा. मोठ्या इमारतीच्या नफ्यात लहान शाळेचा तोटा भरून निघतो. आपल्याही दोन जिल्ह्यांची अशी मोळी बांधता येईल. मात्र जिथे वीजच धड टिकत नाही, तिथे बचतीची भाषा करू नये. जो उपाशी आहे त्याला मिताहाराचा उपदेश कशाला? तिथे आधी भरवशाची वीज द्यावी, जमल्यास छतावरची सौर वीज; पण तो खर्च सरकारनेच सोसला पाहिजे. बचतच नसेल, तर करार उभा राहील कशावर?

शेवटी आमच्याच सभासदांचा प्रश्न. “कोळसा वाचला तर आमची भाकरी जाणार नाही ना?” प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. कचेऱ्यांची बचत केंद्राच्या अवाढव्य उत्पादनापुढे लहान आहे. तिने खाण बंद पडत नाही. उलट पंखे बसवणे, तारा बदलणे, मीटर तपासणे ही हाताची कामे आहेत आणि ती इथेच होणार आहेत. तेव्हा आपली मागणी अशी असावी, की ही कामे इथल्या आयटीआयच्या मुलांना मिळावीत, किमान वेतनासह आणि भविष्यनिर्वाह निधीसह, आणि ही अट मूळ करारातच लिहिलेली असावी. वॅट वाचवताना मजुरी कापली, तर तीही बचत म्हणूनच मिरवली जाईल. ते आम्ही होऊ देता कामा नये.

पुढच्या खेपेला एखाद्या कचेरीत ताटकळत बसण्याची पाळी आली, तर आपणही एकदा मान वर करून पाहा. दिवा कोणासाठी जळतो आहे, हे विचारायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. तो कोळसा आपल्या जमिनीतला आहे आणि ते बिल आपल्या करातून भरले जाते, एवढी ओळख पुरे आहे.