संगीत संश्लेषक, संगणकीय

विद्युत् मंडलांऐवजी संगणकातील आज्ञावलीच्या (प्रोग्रॅमच्या) साहाय्याने संगीतोपयोगी ध्वनी निर्माण करणारे साधन. यात ध्वनितरंगाची उंची दर सेकंदास सामान्यतः ४४,१०० किंवा ४८,००० वेळा आकडेमोडीने काढली जाते. या आकड्यांचे विद्युत् दाबात रूपांतर झाल्यावर ध्वनिक्षेपकातून ध्वनी ऐकू येतो. घरगुती संगीतनिर्मितीत असे संश्लेषक, तालयंत्रे व ध्वनिमुद्रणाची आज्ञावली एकमेकींना जोडून वापरतात.

कार्य : संश्लेषकाचे तीन मुख्य भाग असतात. आंदोलक मूळ तरंग निर्माण करतो, छानक त्यातील काही कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपने) वगळून स्वराचा पोत ठरवितो, तर विवर्धक स्वराचा चढ, स्थैर्य व विलय नियंत्रित करतो. छेडलेल्या तारेचा स्वर एकदम उमटतो व हळूहळू विरतो, बासरीचा फुंक असेपर्यंत टिकतो. हा भेद मुख्यतः तिसऱ्या भागात साधला जातो.

इतिहास : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये संगणकाकडून संगीतध्वनी निर्माण करविला. त्या काळच्या संगणकांना थोड्या सेकंदांच्या संगीतासाठीही बराच वेळ लागे. म्हणून वादनासाठी विद्युत् मंडलांचे संश्लेषकच प्रचारात आले. मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीची टीआर–८०८ व टीबी–३०३ ही यंत्रे आणि ज्युपिटर–८ हा संश्लेषक वापरून दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. तिच्याकडे तेव्हा फारसे लक्ष गेले नाही. २०१० मध्ये ती पुनःप्रकाशित झाल्यावर मात्र तिला जगभर ख्याती मिळाली. त्यांपैकी पहिल्या दोन यंत्रांचे अनुकरण करणारी रीबर्थ ही आज्ञावली १९९०–२००० या दशकाच्या उत्तरार्धात निघाली. अशा रीतीने महागडी यंत्रसामग्री सामान्य संगणकात सामावू लागली.

जोडणी : १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या मिडी संकेतप्रणालीत ध्वनी पाठविला जात नाही, कोणता स्वर, किती जोराने व केव्हा दाबला वा सोडला एवढाच संदेश जातो. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने मांडलेल्या व्हीएसटी पद्धतीने एका आज्ञावलीत दुसरी बसविता येऊ लागली. १९९९ पासून त्यात वाद्येही आली. १९९८ मधील रीवायर पद्धतीत दोन स्वतंत्र आज्ञावली एकाच लयीत चालत व एकीचा ध्वनी दुसरीत जाई. तिचा विकास व पुरवठा २०२० अखेर थांबविण्यात आला. त्यामुळे तिच्यावर विसंबून केलेल्या जुन्या रचना नव्या संगणकावर उघडणे कठीण झाले. याकरिता प्रत्येक वाद्याचा भाग ध्वनिरूपात वेगळा जतन करणे हितावह ठरते. २०१६ मधील लिंक ही पद्धत लय व मात्रास्थान जुळविते, ध्वनी वाहून नेत नाही.

विलंब : पट्टी दाबणे व स्वर ऐकू येणे यांत थोडा काळ जातो. संगणक ध्वनीचे नमुने गटागटाने पुरवितो. दर सेकंदास ४४,१०० नमुने असता २५६ नमुन्यांच्या गटास सु. ६ मिलिसेकंद, तर १,०२४ नमुन्यांच्या गटास सु. २३ मिलिसेकंद लागतात. विलंब वाढल्यास वादकाची लय बिघडते. गट फार लहान केल्यास आकडेमोड अपुरी पडून ध्वनी तुटतो. म्हणून वादनाच्या वेळी गट लहान व मिश्रणाच्या वेळी मोठा ठेवतात.

भारतीय संगीत : नेहमीच्या मांडणीत संश्लेषकाचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून उमटणारा गांधार षड्जाच्या ५ : ४ या प्रमाणात असतो, समविभागी गांधार त्याहून सु. १४ सेंटांनी (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा लागतो. हार्मोनियमवरील आक्षेपांत हा एक प्रमुख आक्षेप होता व आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदीही घातली होती. हार्मोनियमच्या पट्ट्यांचे स्वर वादनात बदलता येत नाहीत. संगणकीय संश्लेषकात मात्र प्रत्येक स्वराची कंप्रता स्वतंत्रपणे ठरविता येते. मींड व आंदोलनासाठी मिडीतील स्वरवलनाचे १६,३८४ टप्पे उपयोगी पडतात. तथापि हे वलन एका वाहिनीतील सर्व स्वरांना एकदम लागू होत असल्याने मींडेची वाहिनी आधारस्वरांपासून वेगळी ठेवावी लागते.

परिणाम : पनवेल तालुक्यातील ओवे येथील एखाद्या सदनिकेतही, मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात न जाता, एका खोलीत पूर्ण गीत तयार करणे या साधनांमुळे शक्य झाले आहे. ध्वनी आतल्या आत निर्माण होत असल्याने शेजारच्या गोंगाटाचा उपद्रव होत नाही; गायन मुद्रित करताना मात्र शांतता आवश्यकच असते. दुसऱ्या बाजूस, जेथे पूर्वी अनेक व्हायोलिनवादक एकत्र बसत तेथे एकच व्यक्ती काम करू लागल्याने वाद्यवृंदातील वादकांची उपजीविका आकुंचित झाली आणि सहवादनातून मिळणारे शिक्षणही घटले. श्रुती व लय यांची अचूकता यंत्र राखू शकते. कोणती श्रुती रागास उचित आहे, हा निर्णय मात्र तालीम झालेल्या कानालाच करावा लागतो.