गोठ्यापर्यंत रस्ता कोणाच्या पैशाने?

पाणंद म्हणजे शिवारातली गुरांची, बैलगाडीची वाट. पावसाळ्यात तिचा चिखल झाला की दुधाच्या किटल्या डोक्यावर येतात आणि धारेचं दूध तर काही तासांत थंड करावंच लागतं. म्हणून रस्त्याचा निधी हा दुभत्याचाही निधी आहे.

केंद्राची प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. आधी सगळा खर्च केंद्राचा होता. २०१५-१६ पासून महाराष्ट्रात केंद्र ६०, राज्य ४० टक्के. पण हा रस्ता वस्तीपर्यंत येतो, गोठ्यापर्यंत नाही. त्यासाठी २०२१ मध्ये राज्याची ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना’ आली. तिच्यात रोजगार हमीच्या पैशाला राज्याच्या निधीची जोड दिली गेली.

आमचं पुनावळे गाव मात्र १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि ग्रामीण रस्त्यांच्या निधीबाहेर गेलं. आता इथले रस्ते विकास आराखड्यातून होतात. त्यात मोटारींइतकीच उरल्यासुरल्या गोठ्यांची वाटही आखली गेली पाहिजे. जनावरं अजून इथे आहेत.

प्रश्न निधीचा नसून शेताची वहिवाटीची वाट कोणी अडवल्याचा असेल, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते.