अपत्यासाठी घ्यावयाची औषधे आणि आरोग्यविमा

आरोग्याचा विमा उतरविलेल्या माणसाची एक साधी समजूत असते. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध ते आजाराचे औषध, आणि आजाराचा खर्च तो विम्याचा खर्च. मूल व्हावे म्हणून उपचार घेणाऱ्या जोडप्याची ही समजूत बहुधा पहिल्या मोठ्या बिलाबरोबरच नाहीशी होते. कंपनीचे नकाराचे पत्र दोन ओळींचे असते. त्यामागे दोन निरनिराळी कारणे असतात, परंतु ती एकमेकांत मिसळून गेल्यामुळे आपला दावा नेमका कशामुळे फेटाळला गेला, हे पुष्कळांना अखेरपर्यंत कळत नाही.

प्रथम औषधांविषयी. क्लोमिफीन किंवा लेट्रोझोल या गोळ्या महिन्यातून साधारणतः पाच दिवस घ्यावयाच्या असतात आणि त्यांची किंमत फारशी नसते. खर्चाचा खरा बोजा पडतो तो गोनाडोट्रोपिन वर्गातील इंजेक्शनांचा. निसर्गतः दर महिन्यास एकच स्त्रीबीज परिपक्व होते. या इंजेक्शनांमुळे एका वेळी अनेक बीजे वाढतात. सुमारे दहा-बारा दिवस रोज पोटाच्या त्वचेखाली सुई टोचावयाची, मधूनमधून सोनोग्राफी करून मात्रा कमीअधिक करावयाची, असा हा क्रम आहे. पुष्कळ स्त्रिया ही सुई घरीच घेतात. औषधाची पेटी फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवलेली असते.

हे औषध नवे आहे असेही नव्हे. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी ते 1978 साली वापरले आणि त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला आपल्या देशातील पहिली परीक्षानलिका-कन्या जन्मास आली. त्यांच्या या कार्यास त्यांच्या हयातीत मान्यता मिळाली नाही, ही गोष्ट वेगळी. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून असेच बालक 6 ऑगस्ट 1986 रोजी जन्मले, त्यासही आता जवळजवळ चार दशके होत आली. तेव्हा उपचार अजून प्रयोगावस्थेत आहे म्हणून विमा नाही, असे म्हणावयास जागा नाही.

मग नकार कशासाठी? पहिले कारण म्हणजे रुग्णालयातील खाट. आपल्याकडील आरोग्यविम्याची सारी रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती उभारलेली आहे. सामान्यतः 24 तास दाखल व्हावे लागते. काही ठराविक उपचारांना तेवढी सूट असते. घरी टोचून घेतलेली सुई या हिशेबात कोठेच बसत नाही. दाखल होण्यापूर्वीच्या काही दिवसांचा औषधखर्च पुष्कळ पॉलिसींत मिळतो हे खरे. परंतु ज्या कारणासाठी दाखल झालो ते कारणच मान्य नसेल, तर त्याआधीच्या औषधांचाही प्रश्न उरत नाही.

आणि ते कारण मान्य नसते, हे दुसरे कारण. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 साली वगळावयाच्या बाबींची एक प्रमाण यादी ठरवून दिली. तिच्यातील सतरावी बाब वंध्यत्वाची आहे. कृत्रिम रेतन, आयव्हीएफ, सरोगसी हे सारे तीत येते. आणि त्यांच्याच पंगतीला संततिनियमनाची शस्त्रक्रियाही बसविलेली आहे. मूल नको असलेला आणि मुलासाठी आसुसलेला, दोघांनाही एकाच कलमाने दाराबाहेर ठेवले आहे! मात्र हे कलम म्हणजे मनाई नव्हे. कंपनीची इच्छा असल्यास तिला हा खर्च विम्यात घेता येतो, आणि काही पॉलिसींत तो मर्यादित रकमेपर्यंत घेतलाही जातो.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. विमा अकस्मात येणाऱ्या संकटाचा असतो. ज्याला उपचार घ्यावयाचे ठरलेलेच आहे, तोच तेवढी पॉलिसी घेईल आणि सर्वांचा हप्ता चढेल, असे त्या म्हणतात. परंतु बाळंतपण तरी कोठे अकस्मात येते? प्रतीक्षाकाल ठेवून त्याचा विमा विकला जातोच. शिवाय जागतिक आरोग्य संघटना वंध्यत्वाची गणना रोगांत करते. 2023 सालच्या तिच्या अहवालानुसार दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकास आयुष्यात केव्हातरी त्याचा अनुभव येतो.

आपल्या कायद्याने या बाबतीत एक विचित्र स्थिती निर्माण केली आहे. 2021 च्या कायद्यान्वये दुसऱ्या जोडप्यासाठी स्त्रीबीज देणाऱ्या स्त्रीचा 12 महिन्यांचा विमा उतरविणे त्या जोडप्यावर बंधनकारक आहे. तेच इंजेक्शन स्वतःच्या मुलासाठी टोचून घेणाऱ्या स्त्रीसाठी मात्र अशी कोणतीही तरतूद नाही. बीजकोश अतिरिक्त उत्तेजित होऊन पोटात पाणी साठण्याचा धोका दोघींनाही असतो.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी 2011 साली निघालेला आदेश यापेक्षा उदार होता. स्त्रीचे वय 21 ते 39, जास्तीत जास्त तीन आवर्तने, आणि प्रत्येकी 65,000 रुपयांपर्यंत प्रतिपूर्ती, औषधेही त्यातच. काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीतील एका बाईंचा असा अर्ज माझ्या मेजावर आला. त्यांना 39 वे वर्ष लागून दहा महिने झाले होते. एका जोडपत्राची नक्कल पुसट आहे, म्हणून मी फाईल परत पाठविली. ती पुन्हा वर यावयास सात आठवडे लागले. पुढे '39' म्हणजे 39 पुरी होईपर्यंत की 39 चालू असेपर्यंत, यावर दोन विद्वत्तापूर्ण टिपण्या झाल्या. त्यांतील एक माझी होती. बाईंनी अर्ज मागे घेतला आणि पतपेढीतून कर्ज काढून इंजेक्शने विकत आणली. त्यांची बिले कचेरीत कधी आलीच नाहीत.

प्रतीक्षाकालाचा प्रश्नही असाच वयाशी निगडित आहे. खाजगी पॉलिसीत हा लाभ दोन-तीन वर्षांनी मिळणार असेल, तर पस्तिशी उलटलेल्या स्त्रीला तो फारसा उपयोगी नाही, कारण त्याच काळात यशाची शक्यता झपाट्याने उतरत असते. म्हणून हप्त्याची रक्कम पाहण्यापूर्वी सतरावे कलम आणि प्रतीक्षाकाल पाहावा. नोकरी करणाऱ्यांनी आपल्या संस्थेच्या सामूहिक विम्याची चौकशी आधी करावी. त्यात सर्वांचा हप्ता एकत्र भरला जात असल्याने कंपनीची वरील हरकत पुष्कळशी निकालात निघते, आणि कर्मचारी संघटनेने मागणी केल्यास नूतनीकरणाच्या वेळी ही बाब समाविष्ट करून घेता येते. गर्भाशयातील गाठ किंवा एंडोमेट्रिओसिस यांसारख्या आजारावर शस्त्रक्रिया झाली असेल, तर डिस्चार्ज कार्डावर मूळ आजाराचे निदान स्पष्ट लिहिलेले आहे ना, हेही घरी निघण्यापूर्वी वाचून पाहावे. तेथे नुसते 'वंध्यत्व' एवढेच लिहिलेले असल्यास, एरवी मिळणारी रक्कमही अडकून पडते.