रविवारचं टाचण

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला टाचण लिहायची सवय असते. उद्या कुठला पाठ, किती वेळ, मुलांना काय विचारायचं, फळ्यावर काय लिहायचं. सव्वीस वर्षं मी ते लिहितेय, त्यातली निम्मी कुरकुरत. मुलगा फौजेच्या ट्रेनिंगला गेला त्या मे महिन्यात याच वहीच्या मागच्या पानांवर दुसरं टाचण सुरू झालं. विषय : रविवारचा फोन. वेळ : माहीत नाही.

एका रविवारचं असं आहे : 'शेजारच्यांच्या म्हशीला रेडी झाली. फुटबॉलचा निकाल. हिरण्यकेशीला पाणी आलं. पप्पांची ड्युटी बदलली नाही.' मग एक आडवी रेघ आणि रेघेखाली : 'सांगायचं नाही – आज्जी.'

आम्ही गडहिंग्लजचे. मुलगा अग्निवीर म्हणून निवडला गेला आणि त्याला बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र मिळालं. घरापासून साठ-पासष्ट किलोमीटर. संकेश्वरला हायवेला लागलं की बेळगाव तासाभरावर. माझ्या ओळखीतल्या एकीचा मुलगा जबलपूरला गेलाय, ती मला म्हणाली, "तुझा काय, अंगणातच आहे." मलाही तसंच वाटत होतं. ते ३१ आठवड्यांचं ट्रेनिंग असतं. पहिले १० आठवडे पायाभूत, म्हणजे पीटी, ड्रिल, हत्यार हातात धरायचं कसं इथपासून. पुढचे २१ आठवडे पायदळाचं खरं शिक्षण. एवढ्या दिवसांत बेळगाव जबलपूरइतकंच लांब असतं, हे मला पहिल्या पंधरवड्यात कळलं. मोबाइल जमा होतो. रविवारी मिळतो, तोही सगळं आवरल्यावर. कधी सात मिनिटं, कधी तीन. कधी रविवार कोरडाच जातो आणि आपण भाकरी थापताना सुद्धा फोन पिठाच्या डब्यावर उभा करून ठेवतो.

भरतीच्या तयारीची दोन वर्षं आमच्या घरात सगळ्यांनाच पाठ झाली होती. पहाटे चारला उठून १६०० मीटर, साडेपाच मिनिटांच्या आत. बीमला दहा पुलअप्स. नऊ फुटांचा खड्डा. आता त्याआधी ऑनलाइन परीक्षा असते, म्हणून रात्री गणितं. त्या दोन वर्षांत मी त्याला काय खायला घालायचं याचा विचार केला, तो गेल्यावर मी काय करायचं याचा एकदाही नाही. अकॅडमीवाल्यांनी पोरांना पळवलं. आयाबापांना कोणी काही शिकवलं नाही. निघायच्या आदल्या रात्री त्याच्या काळ्या पेटीत मी शेंगाचटणीचा डबा ठेवला. सकाळी तो डबा ओट्यावर होता. म्हणाला, "आई, तिथं एकट्यानं खायचं नसतं, आणि सगळ्यांना पुरायची नाही."

दुसऱ्या रविवारी मी चूक केली. बोलायला काही सुचेना म्हणून सांगून टाकलं, की तू गेल्यापासून टायगर जेवत नाही, गेटपाशी बसून असतो. कुत्र्याची माया ऐकून त्याला बरं वाटेल अशी माझी समजूत. पलीकडे शांतता. पुढच्या रविवारी त्याचा पहिला प्रश्न, "टायगर खातोय का?" आणि मग, "आठवडाभर तेच डोक्यात होतं." आठवडाभर! टायगर तर बुधवारीच खायला लागला होता. आपण रविवारी एक काळजी देतो आणि लगेच फोन काढून घेतला जातो. पुढचे सात दिवस ती काळजी त्याच्याजवळ राहते, आणि तिचं काहीही करणं त्याच्या हातात नसतं. त्या रात्री मी वहीचं मागचं पान उघडलं.

खरंच काही मोठं घडलं, तर ते कळवायला त्याच्या कंपनी ऑफिसचा रस्ता असतो. तो नंबर आम्ही कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला. बाकीच्या गोष्टी रेघेखाली.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर आहेत. गडहिंग्लज–बेळगाव ही त्यांची नेहमीची गाडी. माणसं म्हणायची, "रोज पोराला भेटून येत असाल." भेटणं कुठलं? "येऊ नका," असं त्यानंच सांगितलं होतं. साहेबांना सांगून वर्षभर कोल्हापूरची ड्युटी घ्या, असं मी दोनदा सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. एकदा पहाटेच्या फेरीला रस्त्याकडेनं पोरांची एक तुकडी पळत चाललेली त्यांना दिसली. सगळ्यांची डोकी सारखी भादरलेली, सगळ्यांच्या अंगात पांढरे बनियन. त्यांनी गाडी हळू केली. मागून कुणीतरी ओरडलं, "ड्रायव्हर, झोपलाय का?" घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं की पोरं चांगली पळत होती. आपला त्यात होता का, विचारलं तर म्हणाले, "ओळखू येत नाही गं." मग उठून बराच वेळ बाहेर टायगरजवळ बसले.

पाचव्या आठवड्यात तो म्हणाला, "आई, मला परत यायचंय."

या वाक्याची तयारी माझ्या टाचणात नव्हती. अग्निवीराला नुसतं वाटलं म्हणून सोडून येता येत नाही. अगदीच अपवादात्मक कारण असलं आणि वरून मंजुरी मिळाली तरच. हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. म्हणजे तो परवानगी मागत नव्हता. 'ये' म्हणावं तर खोटं, 'येऊ नकोस' म्हणावं तर माझ्याच तोंडून दार बंद. वर्गात एखादं पोर रडत आलं की मी आधी त्याचं दप्तर उतरवून घेते, कारण नंतर विचारते. तसंच केलं. "पायाला फोड आलेत का?" विचारलं. आले होते. मग फोडांबद्दल बोललो, कोरड्या मोज्यांबद्दल बोललो, लंगरमध्ये त्या दिवशी काय होतं ते त्यानं सांगितलं. फोन संपला. यांनी मला विचारलं, "तू काहीच कसं बोलली नाहीस?" पुढच्या रविवारी तो विषय निघाला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी बरोबर केलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण दोन रात्री मी झोपले नाही, एवढं नक्की.

आणि मग तो फोन. नेहमीची वेळ नव्हती. घाईत होता. "आई, आधारवर तुझं नाव कसं आहे? पूर्ण, स्पेलिंगसकट सांग." मी सांगितलं. एक अक्षर त्यानं दोनदा विचारलं. "कशाला रे?" "विम्याच्या फॉर्मवर नॉमिनी." अग्निवीराला ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता त्याला भरावा लागत नाही. मी शाळेत शेकडो फॉर्म भरलेत. शिष्यवृत्तीचे, दाखल्यांचे, दुसऱ्यांच्या पोरांचे. माझ्या नावाची अक्षरं सुटी सुटी करून सांगताना मात्र प्रत्येक अक्षर जड जात होतं. त्याला त्यात काही वाटलं नव्हतं. "झालं, थँक्यू," म्हणून त्यानं ठेवून दिला.

सासूबाईंना हे सांगितलं, तर त्या हसल्या. सासरे फौजेत होते. तेव्हा पत्त्यावर गाव नसायचं, नुसतं '५६ एपीओ'. माणूस कुठं आहे ते त्या आकड्यातून कळायचं नाही. एकदा तारवाला दारात आला, तेव्हा त्या कागद न उघडताच बसून रडल्या. गल्ली जमली, मास्तरांनी तार वाचली, तर सासरे सुट्टीवर येत होते. "रडून झाल्यावर कोंबडी कापली," म्हणाल्या. मग मला, "तुला आठवड्याला आवाज ऐकू येतो, आणि तू वही लिहितीस!" त्यांचं खरं आहे. पण ज्याला आवाज ऐकायची सवय लागलीय, त्याला आठवड्याची वाटही लांब असते, हेही खरं.

गावात लोक एकच विचारतात : चार वर्षांनी काय? ते बरोबरच विचारतात. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम होणार. पहिल्या वर्षी पगार ३०,००० आणि हातात २१,०००. उरलेले ९,००० निधीत, तेवढेच सरकार घालणार, आणि शेवटी व्याजासकट साधारण ११.७१ लाख. हा हिशेब मी कुणालाही फळ्यावर मांडून दाखवीन. पण रविवारच्या फोनवर तो विषय काढायचा नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलं होतं. आज पळणाऱ्याला पुढच्या चार वर्षांचं ओझं कशाला?

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील मधे घरी आले होते. मुलगी बारावीला, तिला खडकवासल्याला एनडीएत जायचंय. तिथं मुलींना २०२२ पासून प्रवेश आहे. पहिल्या तुकडीतल्या १७ जणी ३० मे २०२५ ला बाहेर पडल्या. वडिलांना भीती मुलगी म्हणून होती. मी त्यांना मुलगी-मुलगा सोडून कामाच्या गोष्टी सांगितल्या. गणवेशातले फोटो आणि कुठं आहे ते स्टेटसला टाकू नका. 'तुमच्या मुलाला अपघात झालाय, पैसे पाठवा' असा अनोळखी फोन आला, तर आधी ठेवून द्या आणि ऑफिसच्या नंबरवर स्वतः फोन करा. आमच्या गल्लीत एकीचे पैसे जाता जाता राहिले. मुलगी गेली की तिची खोली लगेच आवरू नका. ते सगळं लिहून घेत होते. जाताना म्हणाले, "बाई, आणि रडू आलं तर?" मी म्हटलं, रविवार सोडून कधीही.

डिसेंबरात कसम परेड झाली. आम्ही तिघं गेलो, सासूबाईंना गाडीत पुढची सीट. परेडचं वर्णन मी करणार नाही, कारण मला त्यातलं फारसं दिसलंच नाही. चष्मा पुसण्यात वेळ गेला. 'छत्रपती शिवाजी महाराज की जय' एवढं मात्र छातीत ऐकू आलं.

मग तो सुट्टीवर घरी आला. साडेचारला जाग, अंथरुणाची घडी अशी की त्यावर झोपायची भीती वाटावी. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात माझी टाचणवही त्याच्या हाती लागली. तो मागची पानं उलटत होता, मी भांडी घासत होते.

"आज्जी पडली होती?"

"हो. न्हाणीत. आता बरी आहे."

"कधी?"

"जुलैत. हाताला प्लास्टर होतं, महिनाभर."

तो काही बोलला नाही. आणखी दोन पानं उलटली.

"मी पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होतो," म्हणाला. "ताप. एकशे तीन."

माझा हात नळाखालीच राहिला. "कधी रे?"

"जुलैतच."